मदत हवी आहे : शाळेच्या इलेक्ट्रिक बसमुळे हवेत पडणारा फरक कसा मोजावा?

नमस्कार. शाळेच्या डिझेल बसऐवजी इलेक्ट्रिक बस घ्याव्यात, असा प्रस्ताव मला पालक सभेपुढे मांडायचा आहे. शाळा सुटताना इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या बसचा धूर लहान मुलांच्या तोंडाशीच येतो, आणि वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेत असल्याने त्यातील नायट्रोजन डायऑक्साइड व सूक्ष्म कण दम्याचा त्रास वाढवतात. टायर झिजून उडणारी धूळ इलेक्ट्रिक बसमुळेही थांबत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ साठीची (म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान सूक्ष्म कणांसाठीची) ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा वार्षिक सरासरीची आहे. मग शाळा सुटतानाच्या थोड्या वेळातील फरक दाखवण्यासाठी फाटकाजवळ कोणत्या नोंदी, कशा घ्याव्यात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.