वॉर्डची जबाबदारी आणि स्वतःची झोप

प्रश्न :
गेल्या वर्षी सरकारी रुग्णालयातील एका वॉर्डची इनचार्ज म्हणून माझी नेमणूक झाली. कोणी आयत्या वेळी रजा कळवली की मी स्वतःच त्या पाळीला उभी राहते, कारण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे, त्यांच्या अडचणीत आपण पुढे व्हावे असे मला मनापासून वाटते. या महिन्यात माझे तीन साप्ताहिक ऑफ असेच गेले. परवा ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवताना, इन्सुलिनची मात्रा मी शेजारच्या खाटेच्या ओळीतली वाचली. सोबतच्या सिस्टरने लगेच टोकले म्हणून निभावले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

उत्तर :
ताई, मीही हेच केले आणि त्यातून वॉर्डमधल्या नर्स मुली शिकल्या त्या एवढेच की ऑफ घेणे म्हणजे कमीपणा. पुढे मी ड्यूटी लावताना माझा ऑफ सर्वांत आधी, पेन्सिलीने नव्हे, पेनाने लिहू लागले आणि त्या दिवशीची सूत्रे दुसऱ्या क्रमांकाच्या सिस्टरकडे सोपवली.

उत्तर :
सूत्रे सोपवणे योग्यच. पण माणसेच कमी असतील तर तो भार केवळ दुसऱ्या खांद्यावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याच्या अवस्थेची, व्याख्या करताना त्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाशी जोडला आहे. प्रत्येक रिकामी पाळी तारखेनिशी मेट्रनना, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला, लेखी कळवा, कारण तुम्ही ती मुकाट्याने भरलीत तर कागदोपत्री कमतरता दिसतच नाही.

प्रश्नकर्ती :
आजच पत्र लिहिते. रविवारचा ऑफ पेनाने लिहिला आहे.