मदत हवी आहे: स्कीइंगचे जुने बूट आणि स्की विकत घ्यावेत की गुलमर्गलाच भाड्याने?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, वय ४४. जानेवारीअखेर मी आणि तेरा वर्षांची लेक आठवडाभर गुलमर्गला स्कीइंग शिकायला जातोय. दोघंही अगदी नवखे. पायांत बळ यावं म्हणून दर रविवारी येऊर चढतोय.

समोरच्या विंगमधल्या काकूंचा मुलगा कॅनडाहून कायमचा परत आलाय. स्की, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी कळ), बूट, काठ्या असं सगळं त्याच्याकडे आहे. म्हणतो, "दादा, पंधरा हजारांत घेऊन टाका, तिकडे रोज भाडं कुठे भरत बसता." काल त्याच्या हॉलमध्ये बूट घालून पाहिले. आत २८.५ लिहिलंय. दोन जाड मोज्यांवर बरे वाटले, पण चारही बकल लावून गुडघे पुढे वाकवले की टाच आतल्या आत वर उचलली जाते. घरी भिंतीला टाच टेकवून पाय मोजला तर २६.२ सेंटीमीटर भरला. स्की १७८ सेंटीमीटरच्या, माझी उंची १६८. बूट २००९ चे आहेत. तळव्याच्या कडेला नख लावलं तर प्लास्टिकचा भुगा निघाला.

तरी मोह होतोय, कारण माझ्या ओळखीच्या एकाला तिकडे भाड्याने ओले बूट मिळाले होते, त्यातही एक बकल तुटलेलं. दोन दिवसांत नडगी सोलून निघाली. लेकीचं तसं झालं तर ती पुन्हा बर्फाचं नाव काढणार नाही, याची मला खरी काळजी आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं. मोठा बूट जाड मोज्यांनी भागवता येतो का? आणि विकत घ्यायचंच तर आधी काय घ्यावं?

प्रतिसाद १

मी नेरुळची, गुलमर्गला तीनदा जाऊन आले. हा जोड घेऊ नका.

स्कीच्या बुटावरचा आकडा म्हणजे पायाची सेंटीमीटरमधली लांबी. २६.२ ला २६.५ हवा. टाच उचलली गेली की तुम्ही गुडघा वाकवता आणि स्की तिच्या मनाने जाते. मोजा एकच, पातळ, लोकरीचा. दोन मोज्यांनी पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. भुगा पडणारं प्लास्टिक तर थंडीत सरळ तडकतं. स्कीही लांब पडतील, शिकताना हनुवटीपर्यंतची पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाइंडिंग. पडताना ते ठराविक जोराला सुटलं पाहिजे, नाहीतर गुडघा पिरगळतो. किती जोराला सुटायचं तो बाइंडिंगवरचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि येणारं कौशल्य यांवर ठरतो. बूट बदलला की तो जाणकाराकडून पुन्हा लावून घ्यावाच लागतो, घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं काम नाही.

भाड्याचे बूट घ्यायला क्लासच्या आदल्या संध्याकाळीच जा. लायनर म्हणजे आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या बाहेरच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दोन सेंटीमीटर जागा राहिली तर माप बरोबर. लायनरमध्ये हात घालून ओल बघा, प्रत्येक बकल लावून-काढून बघा. रात्री लायनर काढून खोलीत सुकवा, पण बुखारीला, म्हणजे तिकडच्या खोलीतल्या शेगडीला, चिकटवू नका. मोजे, हातमोजे, गॉगल आणि जमलं तर हेल्मेट स्वतःचं घ्या. बाकी सगळं भाड्याने.

प्रतिसाद २

आणखी एक. आपल्याकडच्या पावसाळ्यात स्कीच्या स्टीलच्या कडा गंजतात आणि बुटाच्या लायनरला बुरशी येते. वर्षातून आठ दिवस वापरायच्या वस्तूची बाकीचे अकरा महिने राखण करावी लागते. विमानातली १५ किलो सामानाची मर्यादा वेगळीच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. त्या मुलाला आज नाही म्हणून सांगितलं. कवचात पाय घालून बघायचं कुणीच सांगितलं नव्हतं, ते लिहून ठेवलंय. आत्ताच लेकीचा पाय मोजला, डावा २३.४ आणि उजवा २३.७ आलाय. अशा वेळी मोठ्या पायाच्या मापाने बूट मागायचा ना?