ईएमआर तर आलं, पण स्कोअरकार्डात नक्की मोजायचं काय?

घोडबंदर_क्वालिटी: आमच्या ठाण्यातल्या हॉस्पिटलला नवीन ईएमआर (पेशंटचं रेकॉर्ड कम्प्युटरवर ठेवणारी सिस्टीम) बसवलंय, आता मॅनेजमेंटला दर महिन्याला बॅलन्स्ड स्कोअरकार्ड पाहिजे, कॅप्लन-नॉर्टनचं १९९२ वालं, पैसा, पेशंट, आतली प्रोसेस, स्टाफचं शिक्षण अशा चारही बाजू. पैशाचं आणि बेड ऑक्युपन्सीचं लगेच निघतं. पण डिस्चार्जला सिस्टीम ४० मिनिटं दाखवते आणि खाली नातेवाईक बॅगा भरून दुपारपर्यंत ताटकळत बसलेले असतात. कुठे चुकतंय? वर हे आकडे इन्क्रिमेंटला जोडायचं चाललंय.

नेरूळची_सिस्टर: घड्याळ कधी सुरू होतं ते बघा आधी. डॉक्टर सकाळी राउंडला "आज सोडू" म्हणतात, पण सिस्टीममध्ये ऑर्डर पडते डिस्चार्ज समरी टाइप झाल्यावर, मधले तास कुठेच धरले जात नाहीत. मग औषधं रिटर्न, बिलिंग, टीपीए (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी), प्रत्येकाची वेळ वेगळी काढा. कॅशलेसच्या शेवटच्या मंजुरीला विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये तीन तासांची मर्यादा घातलीय, तो उशीर वॉर्डच्या माथी मारू नका.
आणि इन्क्रिमेंटला अजिबात जोडू देऊ नका प्लीज. अख्ख्या वॉर्डला एक कम्प्युटर, त्यावर आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) बसलेले, मग सिस्टर बीपी कागदावर लिहिते आणि ड्युटी संपताना सगळं एकदम भरते, म्हणजे आठचं आणि बाराचं रीडिंग, एन्ट्री मात्र दोनची. यावरून तिचे मार्क कापलेत तर पुढच्या महिन्यात सगळ्या वेळा अगदी बरोबर दिसतील, पण पेशंटचं बीपी खरं कधी पडलं ते कोणालाच कळणार नाही. आधी ट्रॉलीवर टॅब द्या.

वाशी_कॅज्युअल्टी: सिस्टरशी सहमत. मी थोडेच आकडे ठेवीन, हार्ट अटॅकला दारापासून बलूनपर्यंत (पेशंट आल्यापासून बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडेपर्यंत) ९० मिनिटांत होतंय का, ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन, ३० दिवसांत परत अ‍ॅडमिट किती. यातलं शेवटचं जपून हं, कॅज्युअल्टीत रात्री घाईत त्याच पेशंटचं नवीन रजिस्ट्रेशन होतं, दोन नंबर पडतात आणि रीअ‍ॅडमिशन कागदावर गायब. १४ आकडी आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) असेल आणि पेशंटची हरकत नसेल तर तो जोडून घ्या, नाहीतर मोबाइल आणि जन्मतारीख टाकून डुप्लिकेट शोधायला लावा व्हेंडरला.

घोडबंदर_क्वालिटी: राउंडच्या वेळचं "आज सोडू" टिकमार्क करायला एक बटण मागतो आजच. टॅबचं कोटेशन पण त्याच मेलमध्ये टाकतो.