अक्षरापेक्षा आकडा सांभाळा

डॉक्टरांच्या अक्षरावर बरेच विनोद होतात, पण औषधाच्या चिठ्ठीत खरा घात आकडा करतो. ‘५.०’ मिग्रॅ लिहिलं की टिंब पुसट होऊन ५० वाचलं जातं. टिंबापुढचं शून्य नकोच. उलट ‘.५’ च्या आधी शून्य हवंच. इन्सुलिनच्या १० पुढचा ‘यू’ (युनिटसाठी लिहिलेलं इंग्रजी U) शून्यासारखा दिसतो आणि डोस थेट १०० होतो, म्हणून ‘युनिट’ पूर्ण लिहावं. सर्वांत भीती मेथोट्रेक्सेट या औषधाची: संधिवातात ते आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड येतं, अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर) दबते, जीवही जातो. चिठ्ठीवर वार लिहाच. रात्रपाळीत फोनवर डोस सांगताना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात; ‘वन-फाइव्ह’ असं सुटं सांगून सिस्टरांकडून परत वदवून घ्यावं.