चर्चा : पाच युक्त्या, दोन दिवस आणि खांबासारखा उभा जोडीदार

जुनी गादी :

नवी पालवी यांनी काल ‘दोन दिवसांत आत्मसंरक्षण’ या लेखात पाच युक्त्या दिल्या आहेत: मनगट सोडवणे, डोळ्यांत बोटे, जांघेत गुडघा, पावलावर टाच आणि मागून मिठी पडल्यास डोक्याची मागे धडक. एवढे पाठ असले की सामान्य माणसाला पुरे, आणि कुस्ती, ज्युडो, जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची झुंज) हे नियमांत बांधलेले खेळ असल्यामुळे खऱ्या प्रसंगी त्यांचा उपयोग शून्य, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तिथेच दोन ओळींत उत्तर द्यावे म्हणून बसलो होतो, पण दोन ओळींत राग मावेना.

मनगट सोडवण्याची युक्ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पकडणाऱ्याची चार बोटे एका बाजूला आणि अंगठा एकटाच दुसऱ्या बाजूला असतो. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या दोहोंमधल्या फटीकडे वळवायची, आपले कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचे आणि झटका द्यायचा, की हात सुटतो. शिबिरात तो पहिल्याच खेपेला सुटतो, टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात. पण त्यातले निम्मे श्रेय जोडीदाराचे असते, कारण तो बिचारा मनगट धरून खांबासारखा उभा राहिलेला असतो. त्यालाच सांगून पाहा, की धरल्याबरोबर हिसका देऊन स्वतःकडे ओढ, दुसऱ्या हाताने दंड पकड आणि चालायला लाग. तोल गेलेला, पाय फरपटत चाललेले, श्वास घशात अडकलेला. अशा वेळी त्याचा अंगठा कोणत्या बाजूला आहे हे पाहायला सवड कोणाला असते? हा प्रयोग नवी पालवी यांनी घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाबरोबर करावा आणि काय झाले ते इथे प्रामाणिकपणे लिहावे.

आता ‘खेळ’ या शब्दाबद्दल. ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा स्थापन केली, तेव्हा जुन्या जपानी जुजुत्सूतले घातक प्रकार त्यांनी ठरावीक हालचालींच्या सरावापुरते ठेवले, आणि समोरच्याने जीव तोडून विरोध केला तरी त्याला इजा न होता करता येतील अशाच डावांवर मोकळी झुंज उभारली. वरवर पाहता कला बोथट झाली, परंतु ते डाव रोज पूर्ण ताकदीने घासून पाहिले जाऊ लागले. डोळ्यांत बोटे घालण्याचा सराव आजवर कोणीही खऱ्या डोळ्यांवर केलेला नाही. ती युक्ती आयुष्यभर हवेतच राहते. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांतल्या लढवय्यांची स्पर्धा, झाली, तेव्हा नियम नावापुरतेच होते आणि वजनी गट तर नव्हतेच. तिथे अंगाने बेताच्या, जिउ-जित्सू खेळणाऱ्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणले, ते याच ‘खेळातल्या’ पकडींनी. नियमांमुळे माणूस दुबळा होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी मध्यम वजनाच्या एखाद्या कुस्तीगिराला दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडण्याचा डाव) काढण्यापासून रोखून दाखवावे.

नवी पालवी :

आपला राग पोहोचला. माझा लेख रोज दोन तास गादीवर घालवू शकणाऱ्यांसाठी नव्हताच, हे आपण शीर्षकावरूनही ओळखू शकला असता. ज्या बाईला नोकरी, घर आणि आजारी सासू सांभाळून उरलेला वेळ मिनिटांत मोजावा लागतो, तिला आपण काय सांगणार? की वीस वर्षे सराव कर आणि तोवर कोणी हात धरला तर क्षमा माग?

पुराव्याची भाषा करायची असेल तर तीही करते. कॅनडातील तीन विद्यापीठांमध्ये ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलींना तीन-तीन तासांची चार सत्रे देण्यात आली, म्हणजे एकूण १२ तास, आणि उरलेल्यांना फक्त माहितीपत्रके. पुढल्या वर्षभरात बलात्काराचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होते, तर प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. बारा तास म्हणजे दोनच दिवस होतात. आपले कानो १८८२ मध्ये काय करत होते यापेक्षा मला हे अधिक महत्त्वाचे वाटते.

डावखुरा :

वरचे आकडे चांगले आहेत, परंतु मला मूळ लेखात एका गोष्टीचे फार बरे वाटले आणि ती कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही: पाच युक्त्यांत ठोसा नाही. ठोशाबद्दल मला बोलायचेच आहे.

सात वर्षांपूर्वी एका माणसाने माझी कॉलर धरली. मी पूर्ण ताकदीने त्याच्या नाकाच्या रोखाने ठोसा मारला, त्याने सहज हनुवटी खाली घेतली आणि ठोसा कपाळावर बसला. कपाळ हे शरीरातल्या कठीण हाडांपैकी एक, आणि करंगळीच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड हे काडीसारखे. ते बोटाकडच्या टोकापाशी मोडले. त्या माणसाने कपाळ चोळले आणि मला विचारले, ‘झाले?’ डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहून सांगितले की याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, मात्र मुरलेल्या बॉक्सरला ते सहसा होत नाही, माझ्यासारख्यांनाच होते. तळहाताचा मनगटाजवळचा मांसल भाग हनुवटीखाली बसला असता तर माझे काहीच मोडले नसते.

सावकाश :

बारा वर्षे बॉक्सिंग करणारा आणि सहा वर्षे शिकवणारा म्हणून सांगतो, आपले हाड ठोशाने मोडले नाही, वाकड्या मनगटाने आणि चुकलेल्या नेमाने मोडले. तळहाताने मारताना पोहोच थोडी कमी होते, आणि बोटे सैल राहिली तर तीच समोरच्याच्या कपड्यांत अडकून मुरगळतात. लक्ष्य डोकेच असले पाहिजे असे कोणी सांगितले? उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेला, यकृतावर बसलेला एक आखूड गुद्दा भल्याभल्यांना गुडघ्यावर आणतो, आणि तिथे मोडायला कपाळ नसते.

डावखुरा :

थंडीत जाडजूड कोट घातलेल्या माणसाचे यकृत आपण शोधत बसा. बॉक्सिंगमध्ये हातांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, वर ग्लोव्ह असतो, आणि तो मुख्यतः मारणाऱ्याच्या मुठीचे रक्षण करतो. आयुष्यभर उशी बांधून भिंतीवर मारणाऱ्याने भिंत मऊ असते असे सांगावे, तसा हा प्रकार आहे.

सावकाश :

आयुष्यात एकच ठोसा मारून तोही चुकलेल्या माणसाने ठोशावर प्रबंध लिहावा, तसा हाही प्रकार आहे.

तिसरा प्रहर :

मूठ आणि तळहात यांचा निकाल लागेपर्यंत थांबले असते, पण तो लागेल असे दिसत नाही. मी बेचाळीस किलोंची आहे आणि तीन वर्षे जिउ-जित्सू शिकते आहे. पहिल्या महिन्यात पंचाऐंशी किलोंचा माणूस छातीवर बसला, तेव्हा मला युक्ती आठवली नाही. फक्त आत गेलेला श्वास बाहेर येत नाही एवढेच कळत होते. हातांनी त्याची छाती ढकलण्याची चूक मी कमीत कमी पन्नास वेळा केली असेल. सरळ केलेला हात म्हणजे समोरच्याला आयता दिलेला हात. पुढे कधीतरी अंगाला समजले की कोपरे बरगड्यांना चिकटवायची, त्याचा एक हात छातीशी जखडायचा, त्याच बाजूचे त्याचे पाऊल आपल्या पावलाने अडवायचे, म्हणजे त्या बाजूला त्याला टेकायला काहीच उरत नाही, आणि मग टाचा ढुंगणाजवळ ओढून कंबर उचलायची, सरळ वर नव्हे तर त्या खांद्यावरून तिरकी. तो उलटतो. पंचाऐंशी किलोसुद्धा उलटतात.

तेव्हा नवी पालवी, हे दोन दिवसांत येत नाही, एवढे जुनी गादी यांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्यांच्यासारख्यांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. गादीवर मला दोनच प्रकारचे पुरुष जोडीदार भेटले. पहिला प्रकार मला दुखेल म्हणून अंग सैल सोडतो आणि मी न केलेल्या डावालाही उलटा होतो. दुसरा प्रकार स्त्रीकडून हरलो असे कोणी म्हणू नये म्हणून सगळे वजन माझ्या हनुवटीवर टाकतो. या दुसऱ्या प्रकाराने माझी एक बरगडी दुखावली आणि शिक्षकांनी ‘खरा हल्लेखोर दया दाखवणार आहे का?’ असे मलाच विचारले. खऱ्या विरोधाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही सांगावे, की विरोध किती आणि कधी वाढवायचा हे त्यांच्यापैकी कितीजण शिकवतात. माझ्या चार शिक्षकांपैकी एकाच बाईंनी शिकवले: आधी दहा टक्के, मग तीस, आणि वाढवायचे ते शिकणारीने मागितले तरच.

कडेचा माणूस :

सगळे जण जमिनीवर लोळायला निघालेले पाहून गंमत वाटते. हल्लेखोराच्या जोडीला दुसरा माणूस असेल तर? हातात सुरी असेल तर? अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडले होते, की २१ फुटांवरून धावत येणारा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर पोहोचतो, म्हणजे कमरेचे पिस्तूल काढून नेमका नेम धरायला लागतो तेवढ्याच वेळात. पिस्तूलवाल्याची ही कथा, तिथे आपल्या पटांची काय किंमत? पळा. धावण्याचा सराव करा. फुकट आहे आणि बरगडीही मोडत नाही.

जुनी गादी :

पळण्यासाठी आधी उभे असावे लागते. कोणी पाडले, अंगावर आले आणि कपडे धरून ठेवले, तर धावण्याचा सराव कुठे वापरणार? जमिनीवर लढण्याची हौस कोणालाच नाही. जमिनीवरून सुटण्याची विद्या हवी आहे. एक हात मागे टेकायचा, दुसरा चेहऱ्यासमोर धरायचा, एक पाय समोरच्याला दूर ठेवण्यासाठी राखायचा आणि दुसरा पाय अंगाखालून मागे खेचून उभे राहायचे. हे उठणे नवशिक्याला पाच मिनिटांत दाखवता येते आणि कोणी खांदे दाबत असताना जमायला काही महिने लागतात.

तिसरा प्रहर यांची तक्रार माझ्यावरही लागू आहे. मी पहिल्या प्रकारातला होतो, आणि ते सौजन्य आहे अशी माझी समजूत होती.

नवी पालवी यांच्या अभ्यासाबद्दल: तो मी वाचला आहे. त्या बारा तासांतला बराच मोठा भाग ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखणे आणि ‘वाईट दिसेल’ हा संकोच मोडून ठामपणे नाही म्हणणे, यासाठी होता. शारीरिक प्रतिकार हा त्यातला एक तुकडा. म्हणजे तो अभ्यास आपल्या पाच युक्त्यांची बाजू घेत नाही. माझ्या गादीचीही घेत नाही, हेही आता लिहून टाकतो, कारण नाहीतर आपण लिहालच.

नवी पालवी :

लिहिणारच होते.

उतारवय :

माझे वय अडुसष्ट आहे आणि तरुणपणी पाच वर्षे ज्युडो केले आहे. माझ्यावर आजवर कोणी हल्ला केला नाही, मी मात्र चार वेळा घसरून पडलो आहे. चारही वेळा हनुवटी आपोआप छातीला लागली, पाठ गोल झाली आणि हात कडेला सपाट आपटला. डोके एकदाही जमिनीवर आदळले नाही. भांडणातही माणसे पुष्कळदा ठोशाने मरत नाहीत, ठोसा खाऊन मागे कोसळताना डोके फरशीवर आपटल्याने मरतात. मुठीवर इतके लिहिणाऱ्यांपैकी एकानेही पडायला शिकवण्याचा उल्लेख केलेला नाही.

डावखुरा :

आजोबा, मुठीचा विषय अजून संपलेला नाही. सावकाश यांनी माझ्या वाकड्या मनगटाबद्दल लिहिले. पण प्रसंग घडतो तेव्हा हृदय कानांत वाजत असते, नजर नळीतून पाहावे तशी अरुंद होते, बोटांचे बारीक काम जमेनासे होते. त्या अवस्थेत मनगट सरळ राहील हे आपण बारा वर्षे शिकलात म्हणून म्हणता. जो बारा दिवस शिकला आहे त्याला आपण काय द्याल?

सावकाश :

माझ्याकडे हौशी लोकांचा वर्ग असतो. काल मी त्यांना जाड पिशवीवर उघड्या हातांनी, पट्ट्या न बांधता, हलकेच मारायला सांगितले. अकरा जणांपैकी चौघांचे मनगट पहिल्या मिनिटातच आत दुमडले, आणि ती पिशवी होती, हलणारे डोके नव्हते. मग तळहाताने आणि कोपराने मारायला सांगितले; एकाचेही काही दुमडले नाही. तेव्हा नवशिक्यासाठी, डोक्यासाठी आणि अगदी जवळच्या अंतरासाठी तळहात बरा, एवढे मी मान्य करतो. याचे श्रेय त्या पिशवीला, आपल्या प्रबंधाला नाही. शरीरावरचा गुद्दा मी सोडलेला नाही आणि यकृत कोटातूनही सापडते.

डावखुरा :

हे मान्य करताना आपल्याला किती वेदना झाल्या असतील, याची कल्पना माझ्या करंगळीला आहे.

नवी पालवी :

प्रयोग केला. धाकट्या भावाला सांगितले की मनगट धर, ओढ आणि चालायला लाग. त्याने ते नको तेवढ्या उत्साहाने केले. पहिल्या सहा वेळा हात सुटला नाही, एकदा तर मी दाराच्या चौकटीवर आदळले. सातव्या वेळी, तो ओढत असताना मागे रेटण्याऐवजी मी त्याच्याच दिशेने एक पाऊल आत गेले, नडगीवर लाथ घातली आणि त्याची पकड सैल झाली त्या क्षणी अंगठ्याकडून हात काढला. तो सुटला. मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे वळ आहेत, त्यामुळे फट कुठे असते ते आता विसरणार नाही.

लेखात दुरुस्ती करते आहे: मनगटाच्या युक्तीआधी लाथ किंवा धक्का हवा, आणि जोडीदाराने ओढले पाहिजे. शीर्षकातले ‘दोन दिवसांत’ मी काढणार नाही, कारण त्याशिवाय आपल्यापैकी एकानेही तो लेख उघडला नसता.

डावखुरा :

लाथ बुटाच्या कडेने मारली की बोटांनी? बोटांनी मारली असल्यास माझ्याकडे आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे.