५-६ सर्व्हरच्या ग्राफसाठी प्रोमिथियस-ग्राफाना कशाला? मुनिन पुरतं, माझं ठाम मत

रात्रपाळी:
सरळ मत मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. माझ्याकडे ६ लिनक्स मशीन आहेत, त्यांच्या सीपीयू, रॅम, डिस्क, नेटवर्कचे ग्राफ हवेत, बास. ज्याला विचारावं तो प्रोमिथियस (आकडे गोळा करून साठवणारं टूल) आणि ग्राफाना (त्या आकड्यांचे ग्राफ दाखवणारं) लाव म्हणतो. मी ते लावून चार महिने चालवलं आणि परत मुनिनवर आलो, म्हणजे दर ५ मिनिटांनी आकडे घेऊन ग्राफ काढणाऱ्या साध्या टूलवर. मुनिनला प्रत्येक मशीनवर नोड (आकडे देणारा छोटा प्रोग्रॅम) टाकायचा, मास्टरच्या (ते गोळा करणाऱ्या मुख्य मशीनच्या) कॉन्फिगमध्ये त्याचं नाव आणि पत्ता लिहायचा, दहा मिनिटांत ग्राफ दिसायला लागतात. खाली आरआरडी फाइल असते, तिचा आकार पहिल्या दिवशी ठरतो आणि नंतर एक बाइटही वाढत नाही, कारण जुने आकडे सरासरी होऊन आत दबत जातात आणि जागा पुन्हा वापरली जाते. या फाइल सांभाळणारं आरआरडीटूल १९९९ चं आहे, त्याच माणसाचं एमआरटीजी (नेटवर्कचे ग्राफ काढणारं टूल) १९९५ चं, इतकी वर्षं लोक त्यावर नेटवर्क सांभाळतायत. उलट तिकडे प्रोमिथियस वेगळा, मशीनचे आकडे देणारा नोड एक्स्पोर्टर वेगळा, ग्राफाना वेगळा, इशारे पाठवणारा अलर्टमॅनेजर वेगळा, आणि प्रत्येकाचं अपग्रेड वेगळं. २०१८ ला नोड एक्स्पोर्टरच्या ०.१६ व्हर्जनमध्ये मेट्रिकची (मोजल्या जाणाऱ्या आकड्यांची) नावंच बदलली होती, तेव्हा जुने डॅशबोर्ड सगळे हाताने दुरुस्त करावे लागायचे. सर्व्हर सांभाळायचे की सर्व्हर बघणारी यंत्रणा सांभाळायची?

जागता_पहारा:
नाही पटलं. सोपं आहे हे मान्य, पण ५ मिनिटांचा आकडा तुम्हाला फसवतो आणि फसवतोय हे कळतही नाही. हिशोब करून बघा. मशीनचे सगळे कोर ४० सेकंद १०० टक्क्यांवर गेले, उरलेले २६० सेकंद १० टक्क्यांवर होते. ५ मिनिटांची सरासरी येते २२ टक्के. ग्राफवर २२ टक्के बघून कोण उठून बसेल? पण त्या ४० सेकंदांत युजरच्या रिक्वेस्ट टाइमआउट झालेल्या असतात. आधीच्या एका नोकरीत आम्ही तीन आठवडे हेच शोधत होतो, ग्राफ सपाट आणि तक्रारी रोज, शेवटी रात्रभर टर्मिनल उघडं ठेवून बसलो तेव्हा सापडलं. हे मी विसरूच शकत नाही. ज्या ग्राफमध्ये दुखणं दिसत नाही तो ग्राफ असून काय उपयोग?

रात्रपाळी:
मुनिन नुसती सरासरी ठेवत नाही, मिनिमम आणि मॅक्सिममही ठेवतो. ग्राफच्या खाली आकडे छापलेले असतात, बघायची सवय पाहिजे.

जागता_पहारा:
तो मॅक्सिमम कशाचा आहे ते बघा ना. सीपीयूचे आकडे म्हणजे काउंटर, सतत वाढत जाणारे आकडे, ग्राफवर येतो तो दोन वाचनांतला फरक भागिले वेळ. म्हणजे ५ मिनिटांचा एक आकडा हा मुळातच सरासरी असतो आणि मुनिनचा मॅक्सिमम हा अशा सरासऱ्यांमधला सगळ्यात मोठा. महिन्याचा ग्राफ बघताना तो कामाचा आहे, पण वरच्या उदाहरणात तोही २२ च सांगणार. एकदा गेलेली माहिती परत येत नाही. प्रोमिथियसला १५ सेकंदांवर ठेवा, तोच प्रसंग १०० च्या जवळ टोचलेला दिसेल.

आकडेमोड:
दोघांच्या मध्ये पडतो. जागता_पहारा, तुमचं गणित बरोबर आहे, पण प्रोमिथियस लावला की आपोआप दिसेल हे खरं नाही. बहुतेक लोक इकडून तिकडून क्वेरी उचलतात आणि त्यात रेट फंक्शनला (काउंटर किती वेगाने वाढला ते काढणारं) ५ मिनिटांची खिडकी असते, म्हणजे तेवढ्या वेळाची सरासरी. स्क्रेप (आकडे वाचणं) १५ सेकंदांनी आणि खिडकी ५ मिनिटांची म्हणजे पडद्यावर पुन्हा तेच २२ टक्के, फक्त रंग छान. फरक एवढाच की खाली बारीक आकडे शिल्लक असतात, खिडकी एक मिनिटाची केली की टोक वर येतं. हा फरक मोठा आहे, मुनिनमध्ये ती सोय नाही. पण ज्याला रेट कळत नाही त्याच्या हातात दोन्ही टूल सारखीच आंधळी. अजून एक, ८ कोरच्या मशीनवर एकच कोर पूर्ण भरला तर एकूण सीपीयू १२.५ टक्के दिसतो, आणि एका थ्रेडवर चालणारं काम तिथे अडकलेलं असतं. टूल कुठलंही घ्या, कोर वेगळे करून बघा. रॅमचंही तसंच, फ्री कमी दिसली म्हणून घाबरू नका, कर्नल (लिनक्सचा गाभा) मोकळी रॅम कॅशला वापरतो, लागली की परत देतो. अव्हेलेबलचा आकडा बघायचा, तो कर्नल ३.१४ पासून म्हणजे २०१४ पासून मिळतो.

साधा_माणूस:
सारचं नाव का कुणी घेत नाही? ते सिसस्टॅट पॅकेजमधलं नोंदी दाखवणारं टूल. सिसस्टॅट टाकलं की बहुतेक ठिकाणी दर १० मिनिटांनी त्याच मशीनवर नोंद होते, मध्यवर्ती सर्व्हर नको की काही नको, नेटवर्क पडलं तरी नोंद राहते. आधी तेवढं तरी चालू ठेवा.

जागता_पहारा:
ठेवाच, पण १० मिनिटं म्हणजे माझी अडचण अजून दुप्पट.

रात्रपाळी:
आकडेमोड यांचं रेटचं म्हणणं पटलं, माझ्या डॅशबोर्डमध्ये ५ मिनिटांचीच खिडकी होती हे आत्ता आठवतंय. पण जागेचं काय? आणि प्रोमिथियस स्वतः प्रत्येक मशीनपर्यंत जातो, म्हणजे फायरवॉलमध्ये भोकं.

आकडेमोड:
फायरवॉलचा मुद्दा सोडा, मुनिनचा मास्टरही ४९४९ पोर्टवर स्वतःच जातो. फक्त नोड एक्स्पोर्टरच्या ९१०० ला डीफॉल्टमध्ये पासवर्ड नसतो, तो पोर्ट बाहेर उघडा ठेवू नका, ही चूक फार जण करतात. जागेचं सांगतो. एका मशीनच्या हजार मालिका (वेगवेगळे मोजले जाणारे आकडे) धरा, १५ सेकंदांनी एक म्हणजे दिवसाला प्रत्येकी ५,७६० नोंदी, एका मशीनच्या ५७.६ लाख, सहांच्या साधारण साडेतीन कोटी. नोंदीला १ ते २ बाइट लागतात, २ धरले तर दिवसाला ७० एमबीच्या आत, वर्षाला २५ जीबी. डिस्कला हे जड नाही. पण प्रोमिथियस डीफॉल्टने १५ दिवसच ठेवतो, हे न बघता लोक सहा महिन्यांनी मागच्या वर्षीशी तुलना करायला जातात आणि हात हलवत परततात. तिथे मुनिनचा वर्षाचा ग्राफ खरंच उपयोगी, दिवसाला एक ठिपका असला तरी डिस्क कधी भरणार, रॅम कधी वाढवायची, हे त्यावरून नीट कळतं.

जागता_पहारा:
हे मान्य. पण एक गोष्ट मुनिनला जमत नाही असं मला वाटतं आणि माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी. ॲप्लिकेशनचे स्वतःचे आकडे, म्हणजे रिक्वेस्टला किती वेळ लागला, क्यू किती साचली, हे सीपीयूच्या शेजारी त्याच वेळरेषेवर लावून बघणं.

रात्रपाळी:
मुनिनला प्लगइन लिहिता येतं, कुठल्याही भाषेत, नाव आणि आकडा छापला की झालं.

जागता_पहारा:
येतं, पण डीफॉल्टने ५ मिनिटांनी एक आकडा. पुन्हा तिथेच आलो आपण.

रात्रपाळी:
दोन दिवसांनी परत लिहितोय. तुम्ही एवढं ठासून सांगितलंत म्हणून फक्त डेटाबेसच्या मशीनवर नोड एक्स्पोर्टर लावला, १५ सेकंद, खिडकी एक मिनिट. बाकीच्या पाचांवर मुनिनच आहे आणि राहणार. दर तासाला बरोबर शून्य मिनिटाला डिस्कवरचं लिखाण जवळजवळ मिनिटभर पूर्ण भरतंय. मुनिनवर तो एक बारीक उंचवटा होता, वर्षभर बघतोय मी तो, आणि कधी थांबून विचार केला नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) तासाच्या ठोक्याला तीन कामं लावलेली आहेत, एक बॅकअप आहे.

आकडेमोड:
तिन्ही एकाच वेळी नका ठेवू, पाच-सात मिनिटांच्या अंतराने सोडा आणि मग परत बघा.

जागता_पहारा:
बॅकअप त्याच डिस्कवर लिहितोय का? तसं असेल तर त्या मिनिटातला आयओवेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) इथे टाका, बघू.