उत्तर: व्याजदर आणि प्रत्यक्ष बाजार

व्याजदर ठरवणारे केवळ आकड्यांवर विसंबतात, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या १२ प्रादेशिक बँका आपापल्या भागांतील कारखानदार, दुकानदार, शेतीशी संबंधित मंडळी आणि सामाजिक संस्था यांच्याकडून जे ऐकतात, ते ‘बेज बुक’ या अहवालात वर्षातून आठ वेळा, व्याजदर ठरवणाऱ्या धोरण बैठकीच्या साधारण दोन आठवडे आधी प्रसिद्ध होते. (नाव मुखपृष्ठाच्या ‘बेज’ म्हणजे फिकट तपकिरी रंगावरून पडले, १९८३मध्ये तो जनतेसाठी खुला होण्यापूर्वी मुखपृष्ठ लाल होते.) कामगार मिळत नाहीत किंवा गिऱ्हाईक हात आखडता घेत आहे, हे अधिकृत आकडेवारीत उमटण्याआधी अशा बोलण्यातून कळू शकते. मात्र ही शास्त्रशुद्ध नमुना पाहणी नव्हे, त्यामुळे कोणाशी बोलले जाते यावर बरेच अवलंबून राहते.